ऑक्टोबरचा कोरडा आठवडा : ओल धरून ठेवा, फवारणीचा हात आवरा

मराठवाड्यातून मोसमी पाऊस परतीच्या वाटेवर असून ऑक्टोबरच्या या पहिल्या आठवड्यात हवामान कोरडे राहण्याचा आणि दुपारचे तापमान 2 ते 3 अंशांनी वाढून 34 ते 35 अंशांपर्यंत जाण्याचा अंदाज आहे. जमिनीत ओल आहे, पण वर ढग उरलेले नाहीत, त्यामुळे ती ओल दिवसभर वाफ होऊन उडते. या आठवड्यात शेतकऱ्यांकडून आलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या उन्हात आहे आणि त्यांतील अनेकांना शेती औषधांच्या दुकानातून आधीच एक उत्तर मिळालेले आहे, जे मानू नये.

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडल्या, परंतु पाला हिरवा असल्याने तो सुकवण्यासाठी तणनाशक फवारावे असे दुकानदार सांगतो, फवारावे काय, असे परभणी तालुक्यातून विचारण्यात आले आहे. फवारू नये. सोयाबीन सुकवण्यासाठी तणनाशक मारण्याची शिफारस नाही. त्याने न भरलेले दाणे सुरकुततात आणि जी गुळी (मळणीनंतरचा भुसा) आपण जनावरांपुढे टाकणार आहोत तीवर विष बसते. 90 ते 95 टक्के शेंगांचा रंग बदलला की कापणी करावी. कोरडे ऊन आपल्याला फुकट मिळालेले आहे, कापलेले पीक दोन-तीन दिवस त्यातच वाळू द्यावे आणि रात्री दव पडते म्हणून ढीग ताडपत्रीने झाकावा, मात्र सकाळी ती न विसरता काढावी. ओल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहिल्यास आतली ऊब लागते. ती ऊब म्हणजे बुरशीची सुरुवात होय. दाण्यात नख रुतत असेल तर मळणी थांबवावी. बियाण्यासाठी ठेवायचे असल्यास मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च्या वर नेऊ नयेत, कारण वरून अखंड दिसणारा दाणाही आतून फुटलेला असतो आणि तो पुढच्या जूनमध्ये उगवत नाही.

दुसरा प्रश्न जिंतूर भागातील आहे. मोठ्या पावसानंतर कडक ऊन पडताच कपाशीची झाडे माना टाकू लागली, तेव्हा दुकानदाराने कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात टाकून मारण्यास दिले. ही आकस्मिक मर आहे. साचलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही आणि वर ऊन पाणी मागते, त्यामुळे झाड कोलमडते. पानांवर काहीही फवारले तरी ते मुळांपर्यंत पोहोचत नाही. आधी पाणी चर काढून बाहेर घालवावे आणि वाफसा येताच (चिखल जाऊन माती मोकळी होताच) 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश व 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक सुकलेल्या झाडाच्या बुडाशी 100 मिली द्रावण ओतावे. हे काम एक-दोन दिवसांतच झाले पाहिजे, आठवड्याने केलेल्या आळवणीचा उपयोग होत नाही. पाने लाल पडत असतील तर तो वेगळा विषय असून त्यावर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पुरे होते.

मिश्रणाविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. चार औषधे एका पंपात मिसळू नयेत. लेबलवर लिहिलेल्यापेक्षा एक झाकणसुद्धा जास्त टाकू नये. भर दुपारी फवारू नये. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हाही असेच दिवस होते आणि उंच, दाट वाढलेल्या कपाशीत औषधाचा फवारा अंगावरच बसत होता. घामाने भिजलेल्या कातडीतून विष लवकर शिरते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, अथवा दहा टक्के फुले व हिरवी बोंडे किडकी आढळली, तरच औषध हाती घ्यावे. केवळ शेजाऱ्याने फवारले हे फवारणीचे कारण होऊ शकत नाही.

योजनांविषयी थोडक्यात : हमीभाव केंद्रावर सोयाबीन 12 टक्के ओलाव्याचे लागते, म्हणून घाईने ओले नेऊ नये, रब्बी ज्वारीच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे 30 नोव्हेंबर असते, तरी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

आता ज्वारीविषयी, कारण या आठवड्याचे खरे काम हेच आहे. सेलूहून विचारले आहे की एखादी सर येईपर्यंत पेरणीसाठी थांबावे काय. थांबू नये. कोरडवाहू ज्वारी 15 ऑक्टोबरच्या आत पेरलीच पाहिजे, त्यानंतर पेरलेल्या ज्वारीला दाणे भरताना ओल पुरत नाही. चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. तिचा लाडू वळत असेल तर त्याच दिवशी तिफण जुंपावी आणि बी 5 सेंटीमीटर खोल, ओलीवर पडेल असे पाहावे. एकरी 4 किलो बियाणे पुरेसे आहे. दुकानदार 6-7 किलो सांगतो, परंतु दाट पेरणीत ज्वारीची सगळीच ताटे (धाटे) डिसेंबरअखेर तहानेने बारीक राहतात, हे आम्ही शेतोशेती पाहिले आहे. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा बुरशीचा रोग) टाळण्यासाठी किलोला 4 ग्रॅम गंधक (300 मेश, म्हणजे बारीक भुकटी) आणि कोवळे खोड पोखरणाऱ्या खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस हे कीटकनाशक 10 मिली बियाण्यास चोळावे. हा थोडासा खर्च टाळला की पुढे फवारणीचा मोठा खर्च येतो. कोरडवाहूत सर्व खत दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणी अवजाराने) पेरणीबरोबरच द्यावे. कोरड्या मातीवर वरून फेकलेला युरिया मुळांपर्यंत जात नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली, पाच आठवड्यांनी दुसरी आणि आठ आठवड्यांनी, भेगा पडू लागताच, तिसरी कोळपणी (ओळींमधली माती वरवर हलवणे) दातेरी कोळप्याने करावी. तण नसले तरी तिसरी कोळपणी चुकवू नये, कारण ती भेगा बुजवण्यासाठी आहे आणि काळ्या जमिनीतील ओल भेगांतूनच जाते.