लाल खिडकी दिसली की आधी न्यूट्रल तपासा

विटा : वळवाच्या पावसात जवळच वीज कडाडली. सकाळी डीबीतल्या (घरात वीज वाटणाऱ्या स्विचपेटीतल्या) सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणाऱ्या उपकरणाची, हिरवी खिडकी लाल झालेली दिसली. घरात सगळं नीट चालू आहे. मग बदलायची घाई कशाला?

घाई कराच. सर्ज प्रोटेक्टर लाइनला समांतर जोडलेला असतो, म्हणून तो गेला तरी दिवे-पंखे चालूच राहतात. त्याच्या आत झिंक ऑक्साइडची चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. 230 व्होल्टला ती वीज जवळजवळ जाऊच देत नाही. व्होल्टेज एकदम उसळलं की क्षणात वाट मोकळी करून ती उसळी अर्थकडे वळवते. अशा प्रत्येक मोठ्या दणक्यानं चकती थोडी झिजते. शेवटी ती तापते, आतला डाख वितळतो, चकती लाइनपासून सुटते आणि खिडकी लाल होते. तुमच्या प्रोटेक्टरनं काम चोख केलं, पण पुढच्या वळवाला टीव्ही-फ्रिज उघडे पडले आहेत.

कार्ट्रिज, म्हणजे प्रोटेक्टरच्या बेसमधून काढता येणारा चकतीचा भाग, परवानाधारक वायरमनकडूनच बदलून घ्या. मेन स्विच बंद आणि इन्व्हर्टरही बंद; मेन पाडून इन्व्हर्टर विसरणं हा घराघरातला धोका आहे. मग मल्टिमीटरनं शून्य व्होल्टची खात्री, नुसत्या टेस्टरवर भरवसा नको. नवं कार्ट्रिज त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं. त्यावर ‘यूसी’ (सतत सोसू शकेल असं कमाल व्होल्टेज) म्हणून छापलेला आकडा, बहुधा 275 किंवा 320, जुन्याशी जुळला पाहिजे. जुनं काढल्यावर रिकाम्या खाचेत टॉर्च मारून बघा. पत्ती काळवंडली असेल किंवा प्लॅस्टिक मऊ पडून वाकलं असेल, तर बेससकट बदला.

कोरेगाव : थ्री फेज जोडणी आहे. थोड्याच महिन्यांत तिसरं कार्ट्रिज गेलं. संध्याकाळी काही दिवे भगभगतात, काही मिणमिणतात. वायरमन म्हणतो, माल डुप्लिकेट आहे.

मालाला दोष देण्याआधी न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, पाहा. तुम्ही सांगितलेली दिव्यांची खूण ढिल्या न्यूट्रलची आहे. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजवरचा भार एकमेकांत व्होल्टेज वाटून घेतो; ज्या फेजवर भार कमी, तिथं व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेनं चढतं. सर्ज प्रोटेक्टर बनवलेला असतो मायक्रोसेकंदांच्या दणक्यासाठी. मिनिटंन् मिनिटं चढून राहिलेलं व्होल्टेज त्याला सोसत नाही, तो जळतो. चौथं कार्ट्रिजही असंच जाईल.

संध्याकाळी, भार चालू असताना, वायरमनला तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजायला सांगा. एकीकडे 190 आणि दुसरीकडे 270 दिसलं तर मेन बंद करून टाका. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद ठेवून वायरमनकडून डीबीतला न्यूट्रल बार आवळून घ्यायचा. मेन बंद असला तरी मेन स्विचच्या मीटरकडच्या टर्मिनलवर वीज असते; ते मीटरकडून येणारा पुरवठा तोडूनच आवळायचे. तिथं सगळं घट्ट निघालं, तर खोट मीटरच्या पलीकडे, खांबावर किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे. तिथं हात घालायचा नाही. महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवा. दुरुस्तीनंतर नव्या कार्ट्रिजसोबत ओव्हर-अंडर व्होल्टेज रिलेही बसवा. असं चढलेलं व्होल्टेज तोडणं हे त्याचंच काम.

सांगली : 2019 च्या महापुरात डीबी पाण्यात होता. वाळवून पुन्हा वापरतोय. प्रोटेक्टरची खिडकी हिरवीच आहे.

त्या हिरव्या रंगावर विसंबू नका. चकती लाइनला जोडलेली आहे, एवढंच तो सांगतो. कृष्णेचा गाळ आत बसला आहे की टर्मिनल गंजलं आहे, हे खिडकीत दिसत नाही. फक्त प्रोटेक्टर नाही, एमसीबी (जास्त भाराला पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच) हेसुद्धा बदला. नवा डीबी पुराच्या खुणेच्या वर घ्या.

जत : शेतघरात अर्थिंग नाही. तरी प्रोटेक्टर लावला तर काही उपयोग?

फारसा नाही. लाट वळवायची कुठं, तर अर्थमध्ये. तीच वाट नसेल तर ती उपकरणांतून जाते. आधी अर्थिंगचा खड्डा करा. तुमच्याकडची जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक पडते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत राहा.

शिवाय तारेची लांबी. प्रोटेक्टरच्या जोडतारांची गुंडाळी करून डीबीत टापटीप बांधलेली मी अनेकदा पाहतो. दिसायला छान, कामाला घातक. विजेच्या वेगवान लाटेपुढे दर मीटर तारेवर हजारभर व्होल्ट उभं राहू शकतं आणि ते थेट उपकरणांच्या वाट्याला येतं. लाइनकडची आणि अर्थ बारकडची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, वेटोळं न करता ठेवा.

कराड : छतावर सोलार आहे. डीबीतलाच प्रोटेक्टर पुरेल ना?

नाही. पॅनलकडून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज; घरातली असते ती एसी. तिथं डीसीचाच वेगळा प्रोटेक्टर लागतो, तोही पॅनलच्या माळेच्या कमाल व्होल्टेजला पुरेल असा. एसी कार्ट्रिज तिथं कधीच लावू नका. डीसीचा आर्क (ठिणगीची धार) आपोआप विझत नाही, आग लागू शकते.