पानाची खालची बाजू बघितलीत का?

प्रश्न : घरामागे छोटं ग्रीनहाऊस केलंय, आत टोमॅटो आणि काकडी. झाडाला हात लागला की पांढऱ्या माश्यांचा ढग उठतो, पानं चिकट झालीत, वर काळी काजळी धरलीय. निंबोळी तेल दोनदा मारलं, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. केमिकल मारायचं नाहीये. काय चुकतंय?

उत्तर : तेल बरोबर आहे हो, पण तुम्ही मारताय वरून आणि माशी राहते खाली. एक पान उलटं करून भिंगातून बघाच एकदा. शेंड्याच्या कोवळ्या पानांखाली माश्या आणि बारीक अंडी, जरा खालच्या पानांवर चपटी, खवल्यासारखी पिल्लं, जागची हलत नाहीत म्हणून आपल्याला ती कीड वाटतच नाही. हीच रस पितात, चिकटा सोडतात आणि त्या चिकट्यावर काजळी वाढते. उबदार ग्रीनहाऊसमधे अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि अंडी नि कोष फवाऱ्याला फारसे दाद देत नाहीत, म्हणजे दोन फवारण्यांत जी पिल्लं सापडली ती गेली, बाकीची आरामात वर आली. दर 5-7 दिवसांनी, निदान चार वेळा मारा.

1 लिटर कोमट पाण्यात आधी 1-2 मिली सौम्य लिक्विड साबण, मग 5 मिली निंबोळी तेल, नाहीतर तेल नुसतं वर तरंगत राहतं. संध्याकाळीच मारायचं, उन्हात पानं करपतात. आणि लगेच माश्या पटापट पडतील अशी अपेक्षा नको, निंबोळी तेलातलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य पिल्लांना कात टाकू देत नाही, ते काम हळूहळू होतं.

पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या जरा वर टांगा. त्याने कीड संपत नाही, वाढतेय की कमी होतेय ते मात्र कळतं.

हे करून माश्या कमी झाल्या की फवारणी थांबवून एन्कार्शिया सोडता येते. ही 1 मिमीपेक्षाही छोटी गांधीलमाशी, माणसाला चावत नाही, पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते. 1920च्या दशकापासून इंग्लंडमधल्या ग्रीनहाऊसमधे वापरतायत. तिने गाठलेलं पिल्लू काळं पडतं, मग काळे ठिपके दिसले म्हणून घाबरून ती पानं तोडू नका! फक्त तिला ऊब लागते, 18 अंशांच्या खाली ती सुस्त पडते. आणि तिला सोडण्याआधी सापळे काढा, तीही चिकटते.

प्रश्न : माव्यासाठी (रस पिणारी बारीक कीड) ढालकिडे, म्हणजे लेडीबग, मागवून सोडले, सकाळी एकही नव्हता. फसवलं का मला?

उत्तर : फसवलं नाही, उडून गेले. मोठ्या ढालकिड्याला पंख आहेत आणि तुमच्या खिडक्यांना जाळी नाही. त्यांची अळी मागवा, ती उडत नाही आणि मावा खाते दणकून. काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते, मी स्वतः पहिल्या वर्षी तिलाच कीड समजून चिरडत होते, असो. पण आधी मुंग्या बघा. मुंग्या माव्याचा चिकटा पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात, ढालकिड्याच्या अळीला हुसकून लावतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा.

प्रश्न : काकडीची पानं बारीक ठिपक्यांनी फिकट पडलीत, खाली जाळी दिसते.

उत्तर : लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके चालायला लागले की समजा तोच. हा कीटक नाहीच, मोठा झाला की आठ पाय असतात. कोरड्या गरम हवेत आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी तयार. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, हवा ओलसर ठेवा, पण संध्याकाळपर्यंत पानं वाळली पाहिजेत, नाहीतर बुरशी येईल. जाळी धरलेली पानं पिशवीत घालून बाहेर न्या, हातात धरून सगळ्या झाडांमधून फिरवत नेऊ नका.