डीबग मोडमध्ये प्रोग्राम दोनदा का चालतो?

प्रश्न : फ्लास्कमध्ये (पायथॉनचं वेबसाइट बनवण्याचं फ्रेमवर्क) वेबसाइट बनवतोय. डीबग मोड लावला की शेड्यूलरचे (ठरल्या वेळी काम करणाऱ्या कोडचे) ईमेल दोन-दोन जातात आणि एडिटरमधला ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लागतच नाही. काय बिघडलंय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काहीच बिघडलेलं नाही, रीलोडर (कोड बदलला की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) असाच चालतो. ॲप.रन डीबगसह चालवलं की पहिली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) तीच फाइल पुन्हा चालवून दुसरी प्रोसेस उभी करते. पेज देणं, फाइलींवर नजर ठेवणं ही कामं दुसरीची. बदल दिसला की ती ३ हा एक्झिट कोड (बंद होताना दिलेला आकडा) देऊन बंद पडते, पहिली तिला परत सुरू करते. तुमचा शेड्यूलर मात्र दोन्हींत सुरू होतो.

म्हणून तो सुरू करण्याआधी 'वेर्कझॉइग_रन_मेन' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला बाहेरून मिळणारी नोंद; नावात सगळी कॅपिटल अक्षरं) 'ट्रू' (सगळी स्मॉल अक्षरं) आहे का ते तपासा. पण नुसती एवढीच अट नको! खऱ्या सर्व्हरवर रीलोडर नसतो, मग हा व्हेरिएबलही नसतो आणि एकही ईमेल जाणार नाही. अट अशी हवी : डीबग बंद असेल, किंवा व्हेरिएबल 'ट्रू' असेल.

ब्रेकपॉइंटचं कारणही हेच, एडिटर बहुधा पहिल्या प्रोसेसला चिकटलेला असतो. डीबगिंगपुरतं ॲप.रनमध्ये 'यूज_रीलोडर' फॉल्स करा. मग कोड बदलल्यावर सर्व्हर हातानेच रीस्टार्ट करावा लागेल. टेम्प्लेट (पेजचा एचटीएमएल साचा) बदलला तर नुसता रिफ्रेश पुरतो.