आधी जुन्या मालकाचं खातं तोडा

प्रश्न : मी नुकतीच एक वापरलेली गाडी घेतली. तिच्यात सिमकार्ड आहे, दारं फोनवरच्या अ‍ॅपने उघडतात. मुलगा म्हणतो, हॅकर चालत्या गाडीचे ब्रेक काढून घेतील, विकून टाका. शिवाय स्टिअरिंगखाली लावायचं एक डोंगल भेट मिळालं आहे. ते गाडीची माहिती फोनवर दाखवतं. लावू का?

उत्तर : गाडी विकू नका, पण डोंगल कायमचं लावून ठेवू नका. आणि तुम्ही जे ओघात लिहून गेलात, गाडी वापरलेली आहे, तिकडे सगळ्यांत आधी लक्ष द्या.

गाड्यांच्या ईसीयूंची, म्हणजे इंजिन, ब्रेक, एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांची तपासणी हे माझं काम आहे. हे संगणक बहुतेक गाड्यांत ‘कॅन’ नावाच्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली मांडली, तेव्हा गाड्यांना इंटरनेट नव्हतं. मूळ कॅनच्या एका संदेशात फार तर ८ बाइट मजकूर मावतो आणि त्याला एक क्रमांक असतो. संदेश कशाविषयी आहे ते त्यावरून कळतं, पण तो कुणी पाठवला याचा पुरावा त्यात नसतो. तारेवर पोहोचलेल्या कुणालाही ब्रेकच्या ईसीयूच्या नावाने बोलता येतं. म्हणून सारा प्रश्न तारेपर्यंत कोण पोहोचतं एवढाच उरतो.

मुलाची भीती खोटी नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक मोबाइल नेटवर्कवरून जीप चेरोकीच्या मनोरंजन यंत्रणेत शिरले. तिथून थेट कॅनवर जाता येत नव्हतं. पण मधली एक चिप, आलेलं सॉफ्टवेअर खरंच कंपनीचं आहे का, हे पाहतच नव्हती. त्यांनी तिच्यात आपलं सॉफ्टवेअर घातलं आणि वाट मोकळी झाली. ब्रेक निकामी करता आले ते अगदी कमी वेगात. पण महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा वेगही त्यांनी दुरून पाडून दाखवला. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मात्र हे दोघं त्या गाडीचा कसून अभ्यास करून तिथवर पोहोचले होते. पुढे अनेक कंपन्यांनी मनोरंजन यंत्रणा आणि ब्रेकची तार यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश गाळणारा संगणक, बसवला.

डोंगल नेमकं ही राखण चुकवू शकतं. गेटवे नसलेल्या गाडीत ते थेट कॅनवरच बसतं. २०१५ मध्येच अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी अशा एका डोंगलला नुसते एसएमएस पाठवून कॉर्व्हेट गाडीचे वायपर फिरवले, ब्रेक लावले आणि कमी वेगात ते निकामीही केले. त्या डोंगलमध्ये स्वतःचं सिम होतं. तुमचं ब्लूटूथवालं असेल तर धोका जवळच्या माणसापुरता राहतो, तरी स्वस्त डोंगलचा पिन अनेकदा १२३४ असाच असतो. बिघाड पाहायचा तेव्हा लावा, लगेच काढा.

आता जुन्या मालकाविषयी. आयबीएमचे सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की, त्यांनी विकून टाकलेली गाडी त्यांच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तशीच होती. ती कुठे आहे हे दिसत होतं, दारंही उघडता आली असती. विकण्याआधी त्यांनी गाडीतली माहिती पुसली होती. पण खात्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, गाडीतला पडदा रीसेट केल्याने ती जात नाही. इथे तर हॅकरही लागत नाही, आणि हीच गोष्ट मला ब्रेकच्या गोष्टीहून जास्त अस्वस्थ करते.

तेव्हा गाडीच्या कागदपत्रांसह कंपनीशी बोला, आधीची सर्व खाती तोडायला सांगा आणि तसं लेखी घ्या. मग गाडी रीसेट करून तुमचं खातं जोडा. किल्ल्या किती नोंदल्या आहेत तेही विचारा. त्याच भेटीत चासी क्रमांक देऊन एखादं सॉफ्टवेअर अपडेट किंवा रिकॉल बाकी आहे का, हे तपासून घ्या.