ऑस्ट्रेलियात वणव्याच्या पट्ट्यात घर आहे, छताच्या पन्हळीला कोणती जाळी बसवू?

धातूचीच बसवा, आणि छिद्रं २ मिमीपेक्षा मोठी नकोत. वणव्यात बरीचशी घरं वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात आणि पन्हळीतला युकॅलिप्टसचा वाळका पाला त्यांना आयताच सापडतो. तिथल्या एएस ३९५९ या बांधकाम-मानकातही ठिणग्या अडवणाऱ्या जाळीला २ मिमीचीच मर्यादा आहे. प्लॅस्टिकची स्वस्त पडते, पण ती स्वतःच वितळून जळते. पैसे मोजून सरपण आणल्यासारखं. छत झिंक-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं असेल तर उघडं स्टेनलेस स्टील टाळा, त्याला टेकून पत्रा गंजतो. पावडर कोटिंग केलेली स्टीलची जाळी घ्या. मात्र जाळीवर साचलेला पाला वणव्याच्या हंगामाआधी झाडावाच लागतो.