आर्कियाला 'आदिजीवाणू' म्हणू नका

आर्किया या एकपेशी सूक्ष्मजीवांबद्दल विचारणा अशी: लोणारच्या बातमीत 'हॅलोआर्किया नावाचे जीवाणू' असं वाचलं, एका पुस्तकात 'आदिजीवाणू' दिसलं. मग मराठीत नेमकं काय लिहावं? आणि उच्चार आर्किया की आर्चिया?

उच्चाराचं आधी उरकू. आर्किया. आर्किटेक्ट, अनार्की, मोनार्की यांत जो 'आर्क' आहे तोच हा. 'आर्चिया' म्हणणाऱ्याने मग 'आर्चिटेक्ट'ही म्हणावं.

आता 'हॅलोआर्किया नावाचे जीवाणू'. जून 2020मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंग हॅलोआर्कियाच्या, म्हणजे खारट पाण्यात राहणाऱ्या आर्कियांच्या, रंगद्रव्यामुळे आल्याचं सांगितलं. संस्थेने नाव बरोबर दिलं होतं. 'नावाचे जीवाणू' ही भर चुकीची होती आणि तेव्हापासून ती पुसली जात नाही. ही चूक शाब्दिक किरकोळ नाही. आर्किया जीवाणू नाहीत, हे दाखवण्यात एका माणसाचं आयुष्य गेलं आहे.

तो माणूस कार्ल वूज, इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना. शिक्षणाने भौतिकीवाला. सूक्ष्मजीवांची वंशावळ दिसण्यावरून लावता येत नाही, कारण गोळी आणि काडी यापलीकडे त्यांना फारसं रूप नसतं. म्हणून त्याने प्रत्येक पेशीत असणारा एक रेणू धरला: रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतला 16एस आरएनए, लांबी साधारण 1500 अक्षरं (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा; असे दुवे चार प्रकारचे). सूक्ष्मजीव किरणोत्सारी फॉस्फरस-32 घालून वाढवायचे, आरएनए वेगळा काढायचा, टी-1 नावाच्या विकराने तो प्रत्येक 'जी' या अक्षरानंतर तोडायचा, तुकडे विद्युतक्षेत्रात दोन दिशांनी पसरवायचे आणि त्यावर एक्स-रे फिल्म ठेवायची. फिल्मवर काळे ठिपके उमटतात. प्रकाशपेटीवर फिल्म लावून एकेका ठिपक्यातला अक्षरक्रम ठरवायचा आणि सहा किंवा त्याहून जास्त अक्षरांच्या तुकड्यांची यादी दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या यादीशी ताडायची. वूज हे वर्षानुवर्षं करत होता.

1976मध्ये त्याच विद्यापीठातल्या राल्फ वुल्फच्या प्रयोगशाळेतून मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव त्याच्याकडे आला. मूळ सापडला होता सांडपाण्याच्या गाळात. जीवाणूंच्या यादीत हटकून सापडणारे तुकडे त्याच्या फिल्मवर नव्हतेच. जीवाणू नाही आणि आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींचाही नाही, असा हा तिसरा वंश. 1977मध्ये वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्याला नाव दिलं 'आर्किबॅक्टेरिया'. आणि इथेच आपल्या 'आदिजीवाणू'चं मूळ आहे: आर्की म्हणजे आदि, बॅक्टेरिया म्हणजे जीवाणू, झालं भाषांतर. पण 1990मध्ये वूज, कांडलर आणि व्हीलिस यांनी त्या नावाचं 'बॅक्टेरिया' हे शेपूट छाटून नुसतं 'आर्किया' ठेवलं. कारण हेच, की शेपटामुळे लोक त्यांना जीवाणूंचीच एक जात समजत होते. ज्याने नाव दिलं त्यानेच ते टाकलं, आणि आपण त्याचं भाषांतर अजून जपून वापरतो आहोत.

यावर काही जाणकार म्हणतात की 'जीवाणू' म्हणजे जीव अधिक अणू, इवलासा जीव. मग त्यात आर्किया का बसू नयेत? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. विग्रहाने अर्थ ठरत असता तर यीस्टही जीवाणू ठरलं असतं. 'जीवाणू' हा शब्द मराठीत बॅक्टेरियासाठी रुळला आहे आणि तिथेच तो नेमका आहे. फरक पेशीच्या भिंतीपासून सुरू होतो. जीवाणूंच्या भिंतीत म्युरीन नावाचं द्रव्य असतं, पेनिसिलिन ते रचण्याच्या कामात मोडता घालतं. आर्कियाच्या भिंतीत म्युरीन नसतं. म्हणूनच प्रयोगशाळेत गाळातून आर्किया वेगळे काढताना माध्यमात पेनिसिलिन घालतात: जीवाणू मागे पडतात, आर्किया वाढत राहतात. 'आदिजीवाणू' म्हणून ठेवलंत की ही साधी कृती विद्यार्थ्याला समजावताच येत नाही.

'आदि'बद्दलही माझी तक्रार आहे. वूजला वाटलं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारे हे जीव कोवळ्या पृथ्वीच्या हवेला साजेसे आहेत, म्हणून 'आर्की'. पण जीवाणूंचा वंशही तितकाच जुना आहे. शिवाय ग्रीक 'आर्खे'चा अर्थ नुसता 'आरंभ' नाही, 'सत्ता'ही आहे. 'आर्खेइन' म्हणजे सुरुवात करणं आणि राज्य करणंही. अथेन्सचा शासक तो आर्खोन. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे, असं विचारणाऱ्या मराठी माणसाने आपल्याच बोलीकडे पाहावं. 'पुढे' वरून 'पुढारी', 'म्होरं' वरून 'म्होरक्या'. जो पुढे असतो, सुरुवात करतो, त्याच्याच हाती सूत्रं जातात. 'आदि'त ही दुसरी छटा नाही. थोडीफार 'आद्य'मध्ये आहे, 'आद्य कवी' म्हणताना पहिलेपणाबरोबर मानही येतो. कुणाला मराठी शब्दच हवा असेल तर 'आद्यजीव' चालेल, पण मागे 'अणू' नको.

खरी मौज मात्र मिथेन करणाऱ्या आर्कियांसाठीच्या 'मिथेनोजेन' या शब्दात आहे. 1830च्या दशकात द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या स्पिरिटवर काम करताना 'मेथिलीन' हा शब्द घडवला: ग्रीक 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'हिली' म्हणजे लाकूड. त्यातल्या 'मेथ'वरून पुढे मिथेन. हा 'मेथी' म्हणजे आपला 'मधु'. एकाच मूळ शब्दाचे दोन वारस: तिकडे तो मद्य झाला, इकडे गोड झाला, आणि मराठीत 'मध' होऊन आपल्या बरणीत आहे. (भाजीतल्या मेथीशी याचा काही संबंध नाही, तो शब्द वेगळा.) 'जेन' तर उघडच 'जन्', जन्म, जनक यांतला. म्हणजे 'मिथेनजनक' म्हटलं की दोन्ही तुकडे आपल्याच गोतावळ्यातले निघतात. इतका जुळलेला प्रतिशब्द विज्ञानाच्या परिभाषेत क्वचित मिळतो, तरी गोबरगॅसच्या पुस्तिकांत 'मिथेन जीवाणू' छापलं जातं!

त्या पुस्तिकांत या चुकीचा फटकाही बसतो. गोबरगॅसच्या टाकीत दोन निरनिराळी कामं चालतात. जीवाणू शेण-खरकटं फोडून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. मिथेनजनक आर्किया त्यांपासून मिथेन करतात. जीवाणू झपाट्याने वाढतात, मिथेनजनक सावकाश. एकदम खूप खरकटं टाकलं की आम्लं साचतात, सामू (पीएच) 6.5च्या खाली जातो, आर्किया थंडावतात. गॅस येतो पण पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. उपाय म्हणजे काही दिवस खरकटं बंद, थोडी चुन्याची निवळी आणि ताज्या शेणाचा काला, कारण शेणात मिथेनजनक आयतेच असतात. दोघांनाही 'जीवाणू' म्हटलं तर कोण दमलं आणि कोण माजलं, हे सांगणार कसं?

लॅटिन प्रजातिनामं मात्र जशीच्या तशी ठेवा. मिथेनोबॅक्टेरियम, हॅलोबॅक्टेरियम या नावांत 'बॅक्टेरियम' असलं तरी जीव आर्कियाच आहेत. आधी दिलेलं नाव टिकतं, हा नामकरणाचा नियम आहे. त्यांचं भाषांतर करू नका.

ओघात आलंच आहे तर आणखी एक शब्द: टाकीतल्या या मंडळींना 'वसाहत' म्हणू नका. वसाहत म्हणजे प्रयोगशाळेतल्या थाळीवर बहुधा एकाच पेशीपासून वाढलेला ठिपका, सगळी एकाच वंशाची प्रजा. टाकीत असतो तो समुदाय, अनेक वंशांचा आणि देवाणघेवाणीवर चालणारा. तज्ज्ञही इथे फसले आहेत. मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की हा अल्कोहोलपासून मिथेन करणारा एकच सूक्ष्मजीव आहे, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. 1967मध्ये ब्रायंट, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोघे आहेत. एक जीवाणू अल्कोहोल फोडून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन वापरून मिथेन करतो. हायड्रोजन साचला की पहिल्याचं काम अडतं, म्हणून त्याला दुसरा लागतोच. हा दुसरा, म्हणजे मिथेनजनक, आर्किया होता, हे कळायला मात्र वूजची फिल्म यावी लागली.

लिहिताना 'आर्किया' एकवचनी आणि अनेकवचनी दोन्हीकडे तसंच ठेवा: 'हा आर्किया', 'हे आर्किया', 'आर्कियांची भिंत'. ग्रीक एकवचन 'आर्किऑन' मराठीत आणायची गरज नाही.