अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नाही, दुकानदार फॉरमॅट करायला सांगतोय. डेटा वाचेल का?

वाचेल, बहुतेक सगळा. अपडेट फसलं की बिघडतात त्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली. तुमचे फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइली सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमध्ये जशाच्या तशा पडून असतात. तेव्हा दुकानदाराला फॉरमॅटसाठी तूर्त नाही म्हणा.

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ ‘अनडूइंग चेंजेस’ (केलेले बदल मागे घेतोय) म्हणून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं आणि मध्येच एकदा निळ्या पडद्यावर ४८ आकडी की, म्हणजे किल्ली, मागितली. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. की आधी शोधा, कारण ती नसेल तर पुढचे बरेच उपाय अर्ध्यावर अडतात.

ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क न विचारता एनक्रिप्ट (कुलूपबंद) होते, होम आवृत्तीतसुद्धा. एरवी मदरबोर्डवरची टीपीएम चिप गुपचूप कुलूप उघडते. अपडेटने बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा सिक्युअर बूटमध्ये (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) काही बदललं तर सुरू होतानाची मोजमापं चिपला जुळत नाहीत आणि ती किल्ली देत नाही. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर असंच झालं होतं, मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून ऑगस्टमध्ये दुरुस्त केलं. म्हणजे पडदा घाबरवणारा असला तरी तो व्हायरस नाही आणि डिस्कही गेलेली नाही.

मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, डिव्हायसेस उघडा, तिथे तुमच्या लॅपटॉपखाली बिटलॉकर की पाहण्याची सोय असते. एकाहून जास्त की दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की तो गट लगेच नाकारला जातो. अख्खी की पुन्हा टाइप करत बसू नका, तेवढाच गट तपासा.

तुमच्या खात्यात की नसेल तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने सुरू केला ते आठवा. पुष्कळदा विक्रेत्याने किंवा घरातल्या मुलाने स्वतःचं खातं घातलेलं असतं आणि की तिथेच जाते. ऑफिसचा किंवा कॉलेजचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे मागा. की कुठेच मिळाली नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर ते कुलूप तोडू शकत नाही. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता रीस्टार्टचं चक्र. चार्जर लावा, पेनड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड काढा. पडदा एकाच टक्क्यावर अडला असेल तर कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, त्याला दोन-तीन तास द्या. पण दर पाच मिनिटांनी तेच चक्र फिरत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं सलग दोन-तीनदा झालं की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा मेन्यू उघडतं.

तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. दर महिन्याचं साधं अपडेट असेल तर ‘क्वालिटी’ निवडा. आख्खी नवी आवृत्ती चढली असेल तर ‘फीचर’, पण ती साधारण दहा दिवसांतच मागे घेता येते. नंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली पुसल्या जातात. बहुतेक लॅपटॉप इथेच मार्गी लागतात. अपडेट निघत नाही असा संदेश आला तर त्याच मेन्यूतून सिस्टम रिस्टोअर करून जुन्या तारखेला जा.

या मेन्यूत यूएसबी माउस चाललाच नाही तर गोंधळू नका. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने नेमकी हीच अडचण आणली होती. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड वापरा. टॅब, बाण आणि एंटरवर सगळं होतं.

तरीही सुरू झाला नाही तर आधी डेटा बाहेर काढा. त्याच मेन्यूत कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा, इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर मारा. फाइल, ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. ही खिडकी छोट्या फाइल एक्सप्लोररसारखी चालते: यूजर्समधलं तुमचं फोल्डर कॉपी करा, पेनड्राइव्हवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. बंद करू नका. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल जाणार नाही, त्याला आधी दुसऱ्या संगणकावर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल).

डेटा हातात आल्यावर ‘रिसेट धिस पीसी’ मधून ‘कीप माय फाइल्स’ करायला हरकत नाही. सॉफ्टवेअर जातील, फाइली राहतील. शेजारच्या ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ला हात लावू नका.

रिसेटही फसलं तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने निदान ८ जीबीचा, विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवा. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असुसला एस्केप दाबून त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करताना विभाजन (पार्टिशन, डिस्कचा भाग) डिलीट किंवा फॉरमॅट न करता जुन्याच विभाजनावर विंडोज टाकलं, तर आधीचं सगळं विंडोज-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं. तिथून उरलेल्या फाइली लगेच उचला, काही दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच साफ करतं. बायॉसमध्ये एसएसडीचं (लॅपटॉपच्या डिस्कचं) नावच दिसत नसेल तर मात्र दोष अपडेटचा नाही. तेव्हा डिस्क चांगल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि तिच्यावर काहीही इन्स्टॉल करू देऊ नका.

सुरू झाला की सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून अपडेट एक-दोन आठवडे थांबवा, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून पुन्हा चढेल. मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री आपल्याकडे येतं. सी ड्राइव्हमध्ये २० जीबी तरी मोकळी ठेवा, जागा कमी पडल्यानेही अपडेट अर्ध्यात अडकतं. आणि ती ४८ आकडी की कागदावर लिहून लॅपटॉपच्या बिलासोबत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.